सदाफुली : अंगणातील फूल आणि प्रयोगशाळेचा तराजू

पेढीच्या मागील अंगणात, धर्मशाळेच्या कुंपणालगत, सदनिकेच्या गॅलरीतील कुंडीत, इतकेच नव्हे तर जुन्या भिंतीच्या भेगेतही जे झाड कोणी न लावता उगवते आणि बाराही महिने फुलते, ते सदाफुलीचे. तिला खताची अपेक्षा नाही, पाणी बेताचे पुरते. वैशाखात इतर झाडे माना टाकतात तेव्हाही तिची गुलाबी वा पांढरी पाच पाकळ्यांची फुले टवटवीत असतात. बंगालीत तिला नयनतारा म्हणतात, तमिळमध्ये नित्यकल्याणी, हिंदीत सदाबहार. नावे अशी गोड असली तरी रोपवाटिकेत ती स्वस्तातल्या रांगेतच उभी असते.

आपल्या अनेक घरांत मात्र या झाडाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. दिवसभर गादीवर बसून चालणारा व्यवसाय आणि समारंभांतील मिष्टान्ने यांमुळे मधुमेह हा व्यापारी कुटुंबांचा जणू भागीदारच झाला आहे. सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार कोवळी पाने चावावीत, साखर उतरते, असा सल्ला एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पांढऱ्या फुलाचीच पाने घ्यावीत, अशी पुस्तीही कोणी जोडते. घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले, तर आणखी एक सल्ला येतो : ‘कर्करोगाचे औषध सदाफुलीपासूनच तयार होते, मग झाडाचा रसच का देऊ नये?’

या दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहेत. संपूर्ण खोटी गोष्ट सुज्ञ माणूस लवकर ओळखतो. अर्धी खरी असलेली गोष्ट ओळखण्यास तराजू लागतो. सदाफुलीच्या बाबतीत तो तराजू प्रयोगशाळेने सत्तर वर्षांपूर्वीच हाती घेतला. त्यातून जे निष्पन्न झाले ते मोठे विलक्षण आहे.

मूळ गाव मादागास्कर

सदाफुलीचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. पूर्वी तिला विंका रोझिया म्हणत, आणि त्या जुन्या नावावरूनच तिच्यापासून मिळणाऱ्या औषधांना आजही ‘विंका अल्कलॉइडे’ म्हणतात. ती मूळची आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटावरची. अठराव्या शतकात ती युरोपातील उद्यानांत पोहोचली. लंडनच्या चेल्सी येथील वनौषधी उद्यानात फिलिप मिलर यांनी ती वाढविली. शोभेचे झाड म्हणून जहाजांतून ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत गेली आणि जेथे गेली तेथली होऊन राहिली. कण्हेर, चाफा, तगर, करवंद, सर्पगंधा ही सारी तिच्याच कुळातील मंडळी. या कुळात चीक, कडूपणा आणि विष यांची परंपरा आहे, हे कण्हेर ठाऊक असणाऱ्यास सांगावे लागणार नाही.

तेव्हा चरक-सुश्रुतांच्या संहितांत सदाफुली शोधणे व्यर्थ आहे. ‘प्राचीन ऋषिमुनींनी वर्णिलेली वनस्पती’ असे छापून तिच्या चूर्णाच्या पुड्या विकल्या जातात, तेव्हा ग्राहकाने निदान एवढे विचारण्यास हरकत नाही की कोणत्या ग्रंथात. लोकपरंपरेत मात्र तिचे स्थान खरे आहे. जमैका, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशा एकमेकांपासून दूर असलेल्या प्रदेशांत लोक तिच्या पानांचा काढा ‘लघवीतील साखरेवर’ घेत असत. इतक्या ठिकाणी एकच समजूत आढळावी, हे शास्त्रज्ञांचे कुतूहल जागविण्यास पुरेसे होते.

पंचवीस पानांचे पाकीट

ही कथा कॅनडात घडली, आणि तिचा एक धागा इन्सुलिनच्या शोधाशी जुळलेला आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग यांना प्रयोगांसाठी मदतनीस हवा होता. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल या दोन विद्यार्थ्यांनी आधी कोणी काम करावयाचे हे नाणे उडवून ठरविले. कौल बेस्ट यांच्या बाजूने पडला. नोबल यांची पाळी पुढे आलीच नाही, आणि इन्सुलिनच्या इतिहासात बेस्ट यांचे नाव अमर झाले. क्लार्क नोबल डॉक्टर होऊन टोरोंटोतच राहिले. तीस वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांना जमैकातील एका डॉक्टरांकडून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती आणि सोबत निरोप असा की, इन्सुलिन मिळत नाही तेव्हा तेथील लोक या पानांचा चहा मधुमेहावर घेतात, आपण तपासून पाहावे.

क्लार्क तोवर निवृत्तीच्या वाटेवर होते. त्यांनी ती पाने वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील संशोधक असलेल्या आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठविली. रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अर्क तोंडावाटे देऊन गुण येत नसेल तर टोचून पाहावा, म्हणून तो शिरेतून दिला. तरीही साखर होती तेथेच राहिली. परंतु पाच-सात दिवसांत उंदीर मरू लागले. शवचिकित्सेत आढळले की त्यांच्या शरीरात जंतुसंसर्गाची गळवे झाली होती, आणि संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. जेथे रक्त तयार होते ती अस्थिमज्जाच थंडावली होती.

दुसऱ्या एखाद्या संशोधकाने ‘औषध निरुपयोगी आणि विषारी’ असा शेरा मारून वही मिटली असती. नोबल यांनी प्रश्न उलटा केला. जो पदार्थ पांढऱ्या पेशींची वाढ रोखतो, तो पांढऱ्या पेशींच्या बेसुमार वाढीच्या रोगावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, का चालू नये? १९५४ मध्ये रसायनज्ञ चार्ल्स बीअर त्यांना येऊन मिळाले. अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग उंदरास देऊन पांढऱ्या पेशी मोजावयाच्या, ज्या भागाने त्या घटतात तो ठेवून बाकीचा सोडावयाचा, अशा चिकाटीने अखेर शुद्ध स्फटिक हाती आले. १९५८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले. तो पदार्थ पुढे विनब्लास्टिन या नावाने ओळखला गेला.

त्याच सुमारास अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एली लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हेही सदाफुलीवरच काम करीत होते. फिलिपिन्समध्ये युद्धकाळात इन्सुलिनऐवजी ती वापरली गेली, या माहितीवरून त्यांनी तिचा आपल्या यादीत समावेश केला होता. तेथेही साखरेवर परिणाम दिसला नाही, पण रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांचे आयुष्य अर्काने वाढले. स्वोबोडा यांनीच पुढे व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे द्रव्य वेगळे केले. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. साखरेच्या शोधात निघालेल्या दोन प्रयोगशाळा, एकमेकींना ठाऊक नसताना, एकाच अनपेक्षित मुक्कामी पोहोचल्या.

येथे आपल्या वाचकाच्या मनास एक बोच लागेल, आणि ती लागणे स्वाभाविक आहे. हे ज्ञान मुक्या जीवांच्या मृत्यूतून आले. ते झाकून या औषधाची थोरवी गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या कुटुंबातील मूल या औषधाने वाचले, त्यांनाही हा हिशेब ठाऊक असावा असे मला वाटते. तो कसा मिटवावा हे मात्र ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडलेले बरे.

त्या काळी रक्ताचा तीव्र कर्करोग झालेले मूल काही महिन्यांचेच सोबती असे. व्हिन्क्रिस्टिनला प्रेडनिसोलोनची जोड दिल्यावर दहापैकी आठ-नऊ मुलांत रोग पहिल्या काही आठवड्यांत मागे हटू लागला. पुढे आणखी औषधांची भर पडत गेली, आणि आज संपन्न देशांत अशा मुलांपैकी सुमारे ९० टक्के बरी होतात. भारतात १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स यांनी मुलांच्या रक्तकर्करोगासाठी एक समान उपचारपद्धती स्वीकारली. तिच्यातही व्हिन्क्रिस्टिन होते. त्याच दशकात, १९८४ मध्ये, सिप्ला कंपनीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने विनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही औषधे देशातच तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज दोन्ही आहेत.

पानाची परीक्षा

प्रयोगशाळेत सदाफुलीचे पान कसे तपासतात, हे व्यापारी वाचकास रुचेल. कारण ही मालाची पारखच आहे. पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात. ती सौम्य आम्लाच्या पाण्यात भिजविली की अल्कलॉइडे पाण्यात उतरतात. अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त, बहुधा कडू आणि शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये. अफूतील मॉर्फिन आणि सिंकोनाच्या सालीतील क्विनिन ही त्यांचीच भावंडे. मग हिरवा रंग आणि स्निग्धांश दुसऱ्या द्रावकाने धुऊन काढतात, पाण्यात अमोनिया घालतात आणि क्लोरोफॉर्मसह घुसळतात. अल्कलॉइडे आता पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये जातात. त्या थेंबावर ड्रॅगेनडॉर्फचे अभिकारक टाकले की नारिंगी-तांबूस साका दिसतो. सोन्याला कसोटीचा दगड, तशी अल्कलॉइडाला ही खूण.

परंतु कसोटीवरचा कस सोने आहे एवढे सांगतो, दागिन्यात कोणत्या धातूची किती भेसळ हे सांगत नाही. त्यासाठी अर्काचा ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवून द्रावक वर चढू देतात. निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या उंचीवर थांबतात आणि फवारणीनंतर निरनिराळे रंग घेतात. आणखी अचूक मोजमाप एचपीएलसी नावाच्या यंत्राने होते, आणि प्रत्येक द्रव्याचा रेणुभार वस्तुमान-वर्णपटमापक सांगतो. अशा तपासणीत सदाफुलीत १३० हून अधिक अल्कलॉइडे आढळली आहेत. मुळांत अजमलिसिन आणि सर्पेंटिन अधिक, पानांत विंडोलिन आणि कॅथरँथिन अधिक. फुलाच्या पाकळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्यांत रोझिनिडिन नावाचे एक आहे. औषधाच्या दृष्टीने मात्र फूल गौण. सारा व्यवहार पानांचा आणि मुळांचा.

विनब्लास्टिनचा रेणुभार सुमारे ८११, व्हिन्क्रिस्टिनचा सुमारे ८२५. एवढ्या मोठ्या रेणूंत फरक केवळ एका टोकाचा : एकात नत्राला मेथिल गट जोडलेला, दुसऱ्यात फॉर्मिल. या चिमूटभर फरकाने दोघांचे स्वभाव बदलतात. विनब्लास्टिन मुख्यतः अस्थिमज्जेला दाबते. व्हिन्क्रिस्टिन मज्जेला तुलनेने सोसण्याजोगे, पण मज्जातंतूंना जाचते. ते घेणाऱ्या रुग्णाच्या बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होते, कधी पाऊल उचलणे जड जाते. म्हणून त्याची मात्रा शरीराच्या आकारमानानुसार मिलिग्रॅममध्ये ठरते आणि एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. ते केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर प्राणघातक ठरते, म्हणून त्याच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापतात.

ही औषधे काम कशी करतात? पेशीचे विभाजन होताना तिच्या आत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या उभ्या राहतात आणि गुणसूत्रांची दोन्हीकडे सारखी वाटणी करतात. विंका अल्कलॉइडे ट्यूब्युलिनला बिलगून या नळ्या उभ्याच राहू देत नाहीत. वाटणी अडते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांना फटका अधिक बसतो. पण अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथील निरोगी पेशीही वेगाने विभागतात, त्यांनाही तो बसतोच.

पाचशे किलोंचा एक ग्रॅम

आता तराजूच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळविण्यास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे २,००० किलो. सरळ त्रैराशिक मांडले तर २ मिलिग्रॅमच्या एका इंजेक्शनामागे ४ किलो वाळलेली पाने पडतात. ताज्या पानांत बराच भाग पाण्याचा असतो, म्हणजे हिरव्या पानांचे वजन याच्या कितीतरी पट.

इतके दुर्मीळ का, याचे उत्तर पानाच्या घडणीतच आहे. विनब्लास्टिन हे विंडोलिन आणि कॅथरँथिन यांच्या संयोगातून बनते. कॅनडातील ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की झाड कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरील मेणचट थरात ठेवते आणि विंडोलिन आतील पेशींत. दोघांची भेटच क्वचित होते. पृष्ठभागावरचे कॅथरँथिन किडी आणि बुरशीपासून पानाचे रक्षण करते. माणसाच्या औषधाचा विचार झाडाने केलेला नाही.

कर्करोगाच्या रुग्णास रस देण्याच्या आग्रहाचे उत्तर या हिशेबात आहे. वाटीभर रसात इंजेक्शनातील द्रव्याचा अत्यल्प अंशच असतो, आणि तोही पोटातून रक्तात किती जाईल याचा भरवसा नाही. उरलेली शंभरावर अल्कलॉइडे मात्र रसात येतातच. केमोथेरपी चालू असताना रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आधीच उतरलेल्या असतात; अशा वेळी हा रस म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेवर कोणी न मोजता टाकलेली मूठ आहे. आणि रसावर विसंबून उपचार लांबविले, तर ज्या रोगात आज बरे होण्याची मोठी शक्यता आहे त्यात ती शक्यताच हातची जाते. गेलेले ते आठवडे परत मिळत नाहीत.

यावर कोणी चतुर वाचक विचारील, ‘औषधी द्रव्य इतके थोडे, तर चार पाने चावल्याने अपाय तरी काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. एखाद्या दिवशी चार पाने खाल्ल्याने बहुतेकांना कडू तोंडापलीकडे काही होणार नाही. पण सल्ला एका दिवसाचा नसतो. तो महिनोन्‌महिने, रोज, आणि अनेकदा काढा आटवून घेण्याचा असतो. कोणत्या झाडाच्या, कोणत्या ऋतूतील, कोवळ्या की जून पानात काय किती आहे, हे घरी मोजता येत नाही. तैवानमधील डॉक्टरांनी २००४ मध्ये सदाफुलीच्या सेवनाने अस्थिमज्जा गंभीरपणे दबल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे. ऑन्टॅरिओच्या उंदरांत जे दिसले तेच माणसात दिसले, एवढाच त्याचा अर्थ.

मग साखरेचे काय?

नोबल यांना साखर उतरलेली दिसली नाही, हे खरे. पण गोष्ट तेथे संपली नाही. नंतरच्या काळात भारतात आणि इतरत्र मधुमेही केलेल्या उंदरांवर व सशांवर प्रयोग झाले, आणि त्यांतील कित्येकांत पानांच्या रसाने वा अर्काने साखर उतरल्याचे नोंदले गेले. विंडोलिनसारखी द्रव्ये इन्सुलिनच्या स्रवणास मदत करीत असावीत, असेही काही निष्कर्ष आहेत. तेव्हा ‘सदाफुली आणि साखर यांचा काही संबंध नाही’ असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु प्राण्यांवरील या अर्कांची मात्रा, त्यांचे द्रावक आणि त्यांची शुद्धता निरनिराळी. माणसासाठी सुरक्षित मात्रा ठरवून देणारी मोठी चाचणी त्यांच्यामागे नाही. दुकानात वजन न करता, भाव न ठरविता आलेला माल आपण घेत नाही. तो पोटात घेण्याची घाई का करावी?

याच संदर्भात एक गंमत सांगण्याजोगी आहे. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांच्या खिशात असणारी मेटफॉर्मिनची गोळीही एका फुलझाडाचीच नात आहे. गॅलेगा नावाच्या जांभळट फुलांच्या युरोपीय झाडातील गॅलेजिन साखर उतरविते, पण ते विषारी. रसायनज्ञांनी त्याच्या घडणीवरून सौम्य द्रव्ये रचली. त्यांतील मेटफॉर्मिन फ्रान्समध्ये १९५७ पासून ज्याँ स्टर्न यांनी रुग्णांत यशस्वीपणे वापरले. ‘गोळी म्हणजे रसायन आणि पान म्हणजे निसर्ग’ ही जी सोयीची विभागणी आपण करतो, ती प्रयोगशाळेच्या दारात टिकत नाही.

चातुर्मासात, विशेषतः पर्युषणात, या प्रश्नाला आणखी धार येते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने उपवास केला तर साखर एकाएकी खाली जाण्याची भीती असते. त्यासाठी डॉक्टर मात्रा बदलून देतात. सोबत सदाफुलीचा काढा चालू असेल आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसेल, तर दोन शक्यता उरतात. काढा खरोखर साखर उतरवीत असेल तर उपवासातील भीती वाढते. उतरवीत नसेल आणि त्याच्या भरवशावर गोळी बंद केली असेल, तर साखर वर चढत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांची हानी मूकपणे होत राहते. जाता जाता एवढेही म्हणावेसे वाटते की, पर्वतिथीस मेथी-पालक वर्ज्य करणाऱ्या घरातही हे हिरवे पान ‘औषध’ म्हणून सहज स्वीकारले जाते. नियम ज्याचा त्याचा. पण औषध या शब्दाने एखाद्या पानाला मिळणारी सूट तपासून पाहावी.

व्यापार आणि वाटा

काष्ठौषधींच्या व्यापारात असलेल्या आपल्या बांधवांना सदाफुलीचा माल परिचित आहे. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीसारख्या कोरड्या पट्ट्यांत आणि गुजरातेत तिची शेती होते. साधारण सहा आणि नऊ महिन्यांनी पाने खुडतात आणि वर्षाच्या सुमारास मुळे खणतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘निर्मल’ आणि ‘धवल’ ही पांढऱ्या फुलांची वाणे शेतकऱ्यांसाठी दिली आहेत. उन्हात करपलेली किंवा ओलसर बांधलेली पाने वजनास भरतात, पण काढणाऱ्या कारखान्याच्या तपासणीत नापास होतात. या धंद्यात वजनापेक्षा अंशाला किंमत आहे.

मादागास्करला मात्र या साऱ्यातून काही मिळाले नाही, अशी तक्रार जगभर होत आली. तिच्यात तथ्य आहे, पण न्यायनिवाडा सोपा नाही. झाड मादागास्करचे, पाने जमैकाची, समजूत फिलिपिन्सची, संशोधन कॅनडा-अमेरिकेचे. आणि झाड तर दोनशे वर्षांपूर्वीच जगभर पसरलेले. वाटा कोणाचा आणि किती? १९९२ चा जैवविविधता करार आणि भारताचा २००२ चा जैवविविधता कायदा अशाच प्रश्नांतून आले, आणि वनस्पतीजन्य मालाचा व्यापार करणाऱ्याने तो कायदा वाचलेला असावा.

२०२२ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी यीस्टच्या पेशींत सदाफुलीची जनुके घालून विंडोलिन आणि कॅथरँथिन तयार करविले आणि त्यांच्या संयोगातून विनब्लास्टिन मिळविले. यीस्ट म्हणजेही जीवच, हे आपल्या वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. ही रीत मोठ्या प्रमाणावर चालली तर पानांच्या बाजारावर तिचा परिणाम होईलच.

घरात कोणी घेत असेल तर

व्हिन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही इंजेक्शने असल्याने कॅप्सूलच्या आवरणाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवत नाही. मात्र याच कुळातील व्हिनोरेल्बिन, जे फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या संशोधनातून आले, त्याच्या तोंडावाटे घ्यावयाच्या मऊ कॅप्सूलमध्ये जिलेटिन असते. ते औषध इंजेक्शन म्हणूनही मिळते. ज्यांना जिलेटिन वर्ज्य आहे त्यांनी उपचार ठरतानाच कर्करोगतज्ज्ञांना तसे सांगावे. ऐनवेळी कॅप्सूल नाकारून मात्रा चुकविण्यापेक्षा ते बरे.

घरातील कोणी वडीलधारे कित्येक महिने सदाफुलीची पाने किंवा काढा घेत असतील, तर त्यांच्याशी वाद घालून ते लपून घेऊ लागतील असे करू नये. एकदा संपूर्ण रक्तगणना करून घ्यावी आणि अहवालातील पांढऱ्या पेशींचा आकडा डॉक्टरांना दाखवावा. वारंवार ताप, तोंडात फोड, न भरणारी जखम, हातापायांना मुंग्या किंवा नवी बद्धकोष्ठता असेल तर थांबू नये. शस्त्रक्रिया, दात काढणे किंवा नवे औषध सुरू करणे यांपूर्वी सेवनाची माहिती न विचारताही सांगावी. साखर रोज घरी मोजत असाल तर पाने बंद केल्यापासूनचे आकडे गोळीच्या वेळेसह एका वहीत टिपून ठेवावेत. मात्रा ठरविताना डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो. गर्भवती स्त्रीने आणि स्तन्यपान करविणाऱ्या मातेने हे झाड कोणत्याही रूपात पोटात घेऊ नये, कारण पेशींचे विभाजन रोखणारी द्रव्ये वाढत्या गर्भास घातक असतात. लहान मुले झाडाशी खेळतात, फुले तोडतात, त्याने काही बिघडत नाही; पाने चघळू मात्र देऊ नयेत.